छगन बिगुलवाल्याचा उखाणा

“छगनराव कोणत्या साली वारले?”

हा प्रश्न विचारताना ओंकारच्या आवाजात बेताचं दुःख होतं. भिंगारच्या बाजारातून या गल्लीपर्यंत येईस्तोवर त्यानं ते घोकत आणलं होतं. दारात एक किडकिडीत म्हातारा उभा होता. अंगात बनियन, एका गालावर साबणाचा फेस, दुसरा गाल नुकताच साफ केलेला, हातात वस्तरा. म्हाताऱ्यानं ओंकारला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

“अजून साल ठरलं न्हाई,” तो म्हणाला. “का, तुमाला काय घाई हाय का?”

ओंकारच्या हातातली निमंत्रणपत्रिका घामानं मऊ पडायला लागली.

“कोण हाय वो?” आतून बाईचा आवाज आला.

“माझी चौकशी करायला आलंय पोरगं. कवा मेलो म्हून इचारतंय.”

आतून आधी हसू बाहेर आलं, मग बाई आली. राहीबाई. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, कपाळावर गोंदण. हातात साखरेचा डबा होता. तिनं चिमूटभर साखर नवऱ्याच्या तोंडात घातली, त्यात थोडा साबणही गेला. मग एक चिमूट ओंकारच्या तळहातावर ठेवली.

“खा बाळा. मेल्याची खोटी खबर आली म्हंजे आयुष्य वाढतं माणसाचं. वाढवलंस तू ह्यांचं. आता मलाच निस्तरायचं हाय म्हना ते.”

ओंकार उंबरखड्याच्या कॉलेजात कंत्राटी लिपिक होता. उंबरखडा म्हणजे घोडेगावच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून आत. तिथेच तो शिकला आणि तिथेच चिकटला, त्यामुळे भिंगारपर्यंत येणं हाही त्याच्यासाठी परदेश दौराच होता. कॉलेजच्या आवारात चार सैनिकांचा पुतळा उभा राहिला होता. हे कॉलेज काढणारे चार सैनिक. पुतळ्याखालच्या दगडावर काय कोरायचं ते लिहून द्यायचं काम ओंकारकडे आलं. हवालदार बिभीषण, नाईक मच्छिंद्र, शिपाई सावळेराम, तिघंही गेलेले हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. चौथे बिगुलर छगन. ते पन्नासेक वर्षांपूर्वी गाव सोडून गेले, पुढचं कुणाला माहीत नव्हतं. ओंकारनं विचार केला, तिघांच्या आधी ‘दिवंगत’ लावायचं आणि चौथ्याला नुसतंच सोडायचं, तर ओळ दात पडल्यासारखी दिसेल. त्यानं चौघांनाही ‘दिवंगत’ करून टाकलं. दगड कोरणाऱ्या फैयाजभाईंनी मन लावून कोरलं. मग कुणीतरी म्हणालं, छगनरावांची मंडळी भिंगारला असतात म्हणे, त्यांच्या वारसांना तरी बोलवा. म्हणून ओंकार आला होता. वारसांना बोलवायला.

गल्लीच्या तोंडाशी जाऊन त्यानं संस्थेच्या अध्यक्षांना, गोरखभाऊंना, फोन लावला. गोरखभाऊ म्हणजे त्या मच्छिंद्रांचाच मुलगा.

“भाऊ, छगनराव जिवंत आहेत.”

पलीकडून ट्रॅक्टर बंद झाल्याचा आवाज आला.

“नक्की?”

“दाढी करत होते.”

“अरे ओंक्या, जिवंत माणसाचा पुतळा बसवला आपण! आणि तो दगड?” गोरखभाऊंनी कपाळावर हात मारल्याचा आवाज फोनमधून स्पष्ट आला. “ते ऱ्हाऊ दे. आधी त्यांना घेऊन ये. दगडाचं तू बघ. तूच मारलंस, तूच जिवंत कर.”

ओंकार परत आला तेव्हा म्हाताऱ्याचे दोन्ही गाल साफ झाले होते आणि राहीबाईनं चहा टाकला होता. निमंत्रणपत्रिका छगननं डोळ्यांपासून लांब धरून वाचली. मग बायकोकडे सरकवली. मुद्दाम, सावकाश, पत्त्यांच्या डावात हुकूम टाकावा तशी.

“वाच. काय लिवलंय?”

राहीबाई नातवंडांबरोबर अक्षरं शिकली होती. बोट ठेवून ठेवून तिनं वाचलं. “सं-स्था-पक सै-निक.” मग पत्रिका खाली ठेवली. “छापखान्यात काय, काय बी छापून मिळतं.”

“बघा!” छगन ओंकारकडे वळला. “लग्नाला पंचेचाळीस वर्सं होत आली. ह्या बाईला म्या पयल्या दिवशी सांगितलं, म्या कालेज काढलंय. आजपातूर तिचा इश्वास न्हाई.”

“चवथी पास माणूस कालेज काढतो व्हय रे बाळा?” राहीबाईनं ओंकारलाच न्याय करायला बसवलं. “ह्यांच्या थापा तुला म्हाईत न्हाईत. एकदा म्हनले, रणगाड्यात बसून शेळी धरून आनली.”

“ती खरीच आनली हुती!”

“तर. शेळी बी खरी, कालेज बी खरं.”

आणि मग सगळी गोष्ट निघाली. लग्नात बायकांनी नवरीला नाव घ्यायला धरलं होतं. नवरदेव आदल्या दिवशी सासुरवाडीच्या दारात बसून आपण कॉलेज कसं काढलं ते ऐकवत होता, हे राहीबाईच्या कानावर आलेलं. ती भर मांडवात म्हणाली, “आधी कालेज दाखवा, मग नाव घेते.” सगळे हसले. पण राहीबाई हसण्यावारी नेणारी बाई नव्हती. त्यानंतर किती बारशी झाली, किती डोहाळजेवणं, तीन लेकरांची लग्नं. बाकीच्या बायकांनी शंभर उखाणे घेतले. राहीबाई आपली ‘आमचे हे’ म्हणून मोकळी व्हायची. छगनचं नाव तिच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं.

“आता सांगा,” छगन ओंकारला म्हणाला, “मानसाला आपलं नाव आपल्या बायकोच्या तोंडून ऐकावं वाटनार का न्हाई?”

“मग तुम्ही त्यांना कधी दाखवायला का नाही नेलं? इथून तासा-सव्वा तासाचा तर रस्ता.”

म्हातारा एकदम खिडकीबाहेर बघायला लागला.

“घंटीमुळं,” राहीबाईनं परस्पर उत्तर देऊन टाकलं.

ती घंटीची हकिकत अशी. चौघंही ज्या वस्तीला गाव तेव्हा महारवाडा म्हणायचं आणि आता भीमनगर म्हणतं तिथले, एकाच पलटणीत भरती झालेले. वस्तीतली दोन पोरं मॅट्रिक होऊन नगरला शिकायला गेली. खोली बघायला जायची, आडनाव सांगितलं की खोली भरलेली असायची. सांगायच्या आधी रिकामी, सांगितल्यावर भरलेली. शेवटी पोरं परत आली आणि दुष्काळी कामावर खडी फोडायला लागली. हे सीमेवर कळलं तेव्हा चौघं एका ताटात जेवत होते. पलटणीत ताट एक, बूट कुणाचे कुणाच्या पायात, आणि घरी पोरांना खोली नाही. लढाई संपल्यावर ते पलटण सोडून घरी आले ते रजेचा साठलेला सगळा पगार घेऊन. त्यात पत्रे आले. मच्छिंद्रनं पत्रे डोक्यावर वाहिले, बिभीषणनं खांब रोवले, सावळेरामनं नगरहून मास्तर पटवून आणला. आणि छगननं काय केलं? छगननं रोज सकाळी शेडपुढे उभं राहून बिगूल वाजवला. घंटा घ्यायला काही उरलं नव्हतं.

“आनि एकदम फस्टक्लास वाजवायचो,” छगन म्हणाला.

पुढे चार वर्षांनी शेडच्या दोन खोल्या झाल्या, वीज आली, आणि मच्छिंद्रनं विजेची घंटी बसवली. त्या दिवशी सकाळी छगन बिगूल ओठाला लावतोय तोच मागून घंटी वाजली. छगन बिगूल टॉवेलात गुंडाळून भिंगारला आला, लष्कराच्या भटारखान्यात कामाला लागला, आणि म्हणाला, “ज्या दिवशी बिगुलाला बोलावनं येईल त्या दिवशी पाऊल टाकीन.”

बोलावणं कधी आलं नाही. म्हातारा अजूनही खिडकीबाहेरच बघत होता. “पत्रिकेत बी बिगुलाचं काय लिवलेलं न्हाई,” तो म्हणाला. “मी न्हाई येनार.”

“म्हंजे कालेज न्हाईच,” राहीबाई म्हणाली आणि चहाचे कप उचलून आत गेली.

म्हाताऱ्यानं पत्रिका परत हातात घेतली.

“गाडी कवा पाठवताय?” त्यानं विचारलं.

डिसेंबरातल्या एका रविवारी गोरखभाऊंची बोलेरो ओंकारला घेऊन भिंगारला आली. छगननं ब्लेझर घातला होता, छातीवर पदकं. मांडीवर टॉवेलातलं गाठोडं. राहीबाई नव्या जांभळ्या लुगड्यात, वाटभर काहीतरी पुटपुटत. वाटेतल्या पांढरीपुलावर भेळ खायला थांबले तेव्हाही तिचे ओठ हलतच होते.

“मावशी, काय म्हणताय?” ओंकारनं विचारलं.

“काय न्हाई. समजा कालेज निघालंच, तर तयारी असावी मानसाची.”

ओंकारही तयारीत होता. फैयाजभाईंकडे तो चार वेळा जाऊन आला होता. “दगड आहे तो, पाटी नाही पुसायला,” फैयाजभाईंनी सांगितलं होतं. “आणि मला काय माहीत? माझ्याकडे दगडावर जिवंत माणसाचं नाव येतं ते फक्त उद्घाटनाला आलेल्या आमदाराचं. बाकी सगळे गेलेलेच.” शेवटी ओंकारनं झेंडूची एक जाडजूड माळ आणली आणि सकाळीच चारही ‘दिवंगत’ झाकतील अशी दगडावर आडवी बांधून ठेवली. हे काम आपल्याला छान जमलं असं त्याला वाटत होतं. त्याला असं वाटलं की सहसा काहीतरी व्हायचंच.

आवाराच्या फाटकातून आत गेल्यावर समोर दुमजली इमारत, तिच्यावर मोठ्या अक्षरात कॉलेजचं नाव. राहीबाई बोलेरोतून उतरली, इमारत खालून वर, वरून खाली बघितली. छगन तिच्या तोंडाकडे बघत होता. त्यानं पन्नास वर्षांत न पाहिलेल्या कॉलेजकडे अजून नजरही टाकली नव्हती.

“इमारत हाय,” राहीबाई शेवटी म्हणाली. “पन तुमी काढली हे कशावरून?”

“चल, दाखवतो.”

पुतळ्यावरचा पडदा अजून होता, पण गोरखभाऊ पुढे आले, म्हाताऱ्याच्या पाया पडले आणि म्हणाले, “काका, तुम्हाला पडद्याबाहेर कशाला ठेवायचं?” त्यांनी कोपरा उचलून धरला. चौथऱ्यावर चौघं. बिभीषण बंदूक टेकवून, मच्छिंद्र डोक्यावर पत्रा घेऊन, सावळेराम हातात पुस्तक धरून, आणि शेवटी छगन, बिगूल ओठाला.

म्हातारा मच्छिंद्रसमोर उभा राहिला. त्याच्या डोक्यावरच्या पत्र्याला हात लावून बघितला. “असाच न्यायचा,” तो म्हणाला. “वारं आलं की गिरकी खायचा आनि आमाला शिव्या द्यायचा.” मग बराच वेळ हात तिथंच राहिला.

राहीबाई मात्र चौथ्या सैनिकापाशी अडकली होती. छगनचा जुना फोटो कुणाकडे नव्हता, त्यामुळे मूर्तिकारानं आपल्या मनानं एक सैनिक उभा केला होता. भरदार छाती, तलवारीसारख्या मिशा, मांडीसारखे दंड.

“आनि हा कोन?”

“हा मीच!” छगन म्हणाला.

राहीबाईनं एकदा पुतळ्याकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे. “ह्या मानसाशी लग्न लागलं असतं तर बरं झालं असतं,” ती म्हणाली. “दोन पोती एका हातानं उचलली असती ह्यानं.”

सगळे हसले. छगनही हसला, पण त्याचा हात टॉवेलाच्या गाठीवर घट्ट झाला होता. म्हणजे एवढं येऊन, एवढा पुतळा उभा असून, ह्या बाईला अजूनही खात्री नव्हती. पुतळ्याच्या मिशांनीच त्याचा घात केला होता.

पडदा उघडला, कार्यक्रमाला गर्दी झाली. आवारात आलेली माणसं खुर्च्यांवर बसायला तयार नव्हती, पुतळ्यापुढे उभं राहून सेल्फी काढत होती. पुढच्या रांगेत पहिल्या बॅचचे विद्यार्थी बसले होते. आता सगळे सत्तरीच्या घरात. त्यात ओंकारचे आजोबा, अजिनाथ. गुडघ्यामुळे ते जेवायलासुद्धा उठत नसत, ताट खुर्चीपाशी न्यावं लागे. गोरखभाऊ माईकसमोर उभे राहिले, “सर्व मान्यवरांनी” एवढं म्हणाले, आणि लाईट गेली.

“जनरेटर!” गोरखभाऊ ओरडले.

जनरेटर होता. त्यात डिझेल भरायचं काम ओंकारकडे होतं. ओंकारचं डोकं सकाळपासून झेंडूच्या माळेत होतं.

गोरखभाऊ माईकशिवाय ओरडून बघत होते. ऐकतं कोण? कुणी शेंगदाणे खात होतं, कुणी घोडेगावच्या बाजारातल्या गायीचा भाव सांगत होतं. कुणीतरी घंटी वाजवायला धावलं. घंटी विजेवरची.

घंटी वाजली नाही तेव्हा छगन उठला. त्यानं टॉवेल सोडला. पितळी बिगूल घासून लख्ख केलेला. तो पुतळ्यासमोर गेला, पाय जुळवले, बिगूल वर केला. पुतळ्यातला छगन आणि खालचा छगन एकदमच वाजवणार असं वाटलं. खालच्या छगनला समोरचे दोन दात नव्हते.

पहिला सूर नीट निघाला. दुसराही. तिसरा फाटला. असा फाटला की शेजारच्या शेतातली म्हैस हंबरली.

आणि पुढच्या रांगेतून एक हसू फुटलं. “छगनमामा!” कुणीतरी ओरडलं. “हाच! तिसऱ्याला फाटायचा हाच!” आणि अजिनाथ, जेवायलाही न उठणारे अजिनाथ, काठी न घेता उठले आणि पुतळ्याकडे चालायला लागले. त्यांच्यामागे दुसरे, तिसरे. म्हाताऱ्यांनी पन्नास वर्षांपूर्वीच्या सवयीनं ओळ धरली. छगननं परत वाजवलं, परत तिसऱ्यालाच फाटलं, आणि ओळ सरळ झाली.

“उंचीनं लागा!” छगननं दरडावलं.

“उंचीचं काय सांगताय मामा, मी चार बोटं कमी झालोय,” एक जण म्हणाला. “तू माझ्यामागं हुतास, तू फुडं कसा आलास?” दुसरा त्याला ढकलत होता. सगळं आवार पोट धरून हसत होतं.

अजिनाथ ओळीतूनच राहीबाईला म्हणाले, “वैनी, ह्यांच्यामुळं शिकलो आमी. गावातली पोरं ह्या शेडीत यायला तयार नव्हती. घरचे सोडत नव्हते. आमी आपले सकाळी बांधावर उभं ऱ्हायचो, ह्यांचा बिगूल फाटताना ऐकायला, हसायला. हसता हसता एक दिवस आत जाऊन बसलो. मग घरचे काय करनार?”

“फस्टक्लास वाजवायचो म्हनले हे,” राहीबाई म्हणाली.

“फस्टक्लास वाजवला असता तर आमी कशाला आलो असतो!”

राहीबाईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, हसण्याचं का कशाचं ते तिलाही सांगता आलं नसतं. तिनं पदरानं तोंड पुसलं. गोरखभाऊ जवळ येऊन म्हणाले, “काका, आमचे वडील शेवटपर्यंत म्हणायचे. घंटी वाजली की पोरं येतात, पण हसत येत नाहीत.” म्हाताऱ्यानं दोनदा मान हलवली.

“खरं हाय,” राहीबाई एकदम म्हणाली.

छगननं बिगूल खाली घेतला. “काय?”

“कालेज. खरं हाय.”

बायका हे ऐकून होत्याच. भीमनगरच्या, गावातल्या, प्राध्यापकांच्या. मांडवातली अट कुणीतरी, म्हणजे ओंकारनंच, त्यांना आधी सांगून ठेवली होती. “नाव घ्या, मावशी! नाव घ्या!” असा गिल्ला झाला. राहीबाई पुतळ्यासमोर उभी राहिली, डोक्यावरून पदर घेतला, घसा खाकरला. वाटभर पुटपुटलेलं आता बाहेर येणार होतं. छगननं ब्लेझरची बटणं लावली.

“पत्र्याच्या शेडीचं झालं कालेज, गावोगावी वाजतो डंका...”

बायकांनी आधीच टाळ्यांसाठी हात उचलले. पुढची ओळ ‘शंका’ या शब्दावर संपणार हे प्राध्यापकांच्या बायकांनी ओळखलं होतं. मधे फक्त नाव यायचं होतं.

आणि तेवढ्यात मघाच्या ढकलाढकलीत सैल झालेली झेंडूची माळ सुटली आणि धपकन खाली पडली.

राहीबाईची नजर दगडावर गेली. तिनं बोट पुढे केलं. ओंकार घाईनं माळ उचलायला वाकला.

“दि-वं-गत,” तिनं वाचलं. “बि-गु-लर.” पुढचं अक्षर आलं तशी ती थांबली. बोट मागे घेतलं. “हे काय रे?”

“ते... मावशी, ते चुकून...”

“मेलेल्या नवऱ्याचं नाव घ्यायला मी काय खुळी हाय? आँ? जिवंत मानूस म्होरं उभा हाय, आनि दगडावर मारून ठेवलाय. आधी ते दुरुस्त करा. मग घेते.”

“अगं पन राहे, आलीयेस कुठवर!” छगन कळवळून म्हणाला. “एकच शब्द ऱ्हायलाय!”

“ऱ्हाऊ द्या. पंचेचाळीस वर्सं थांबला, आता दगडापुरते थांबा.”

सगळ्यांनी समजावलं. गोरखभाऊंनी, अजिनाथांनी, ओळीतल्या म्हाताऱ्यांनी. राहीबाई जेवली, दोन वेळा वाढून घेतलं, पुतळ्यातल्या मिशावाल्या छगनबरोबर वेगळा आणि खऱ्या छगनबरोबर वेगळा फोटो काढून घेतला, आणि पुढची ओळ तशीच पोटात ठेवून भिंगारला गेली.

आता कॉलेजात रोज सकाळी घंटीआधी त्या दिवशीच्या बिगुलाचं मोबाईलवरचं रेकॉर्डिंग वाजतं. तिसऱ्या सुराला फाटतं तिथं पोरं हसतात आणि आत जातात. फैयाजभाई म्हणतात, चौथा ‘दिवंगत’ झाकायला पितळी बिगूल बसवू दगडावर, पण सध्या हातात उद्घाटनाचे दगड फार आहेत, पुढच्या आठवड्यात बघू. असे पुढचे बरेच आठवडे झाले. ओंकार भिंगारला फोन करतो तेव्हा फोन राहीबाई उचलते.

“झालं का दुरुस्त?”

“होतंय, मावशी.”

“मग माझा उखाणा बी डंक्यावरच ऱ्हाऊ दे.”

मागून म्हाताऱ्याचा आवाज येतो, “पोरा, त्या फैयाजला म्हनावं, आमदाराला काय, आज न्हाई तर उद्या उद्घाटन मिळंल. मला इथं बायको नाव घेईना!”